मुलांच्या गळ्यातील गाठ : सोनोग्राफी काय सांगते?

मुलाला आंघोळ घालताना गळ्याला गाठ हाताला लागली, की आईच्या काळजात धस्स होते. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून मी अशी मुले नेहमी तपासतो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते; तसेच घसा, दात किंवा डोक्यातल्या फोडांमुळे गळ्यातील लसिका ग्रंथी सुजतात. बहुतेक गाठी अशाच असतात. आपल्याकडे क्षयाच्या गाठीही आढळतात. कॅन्सर क्वचितच निघतो, पण तो निसटता कामा नये.

यासाठी मी प्रथम सोनोग्राफी सांगतो. तिच्यात क्ष-किरण नसतात, सुई टोचावी लागत नाही. साधी सुजलेली ग्रंथी वालाच्या दाण्यासारखी लांबट दिसते. तिच्या मध्यावर पांढरट पट्टी असते व तेथूनच रक्तवाहिन्या आत जातात. ग्रंथी गोल झाली, पट्टी नाहीशी झाली, रक्तवाहिन्या कडेने शिरू लागल्या, तर संशय बळावतो.

गळ्याच्या मध्यभागी असलेली, जीभ बाहेर काढताच वर सरकणारी गाठ बहुधा जन्मजात, पाण्याने भरलेली असते. मात्र ती काढण्यापूर्वी थायरॉईड ग्रंथी जागेवर आहे ना, हे सोनोग्राफीत पाहावेच लागते. क्वचित ती गाठ हीच मुलाची एकमेव थायरॉईड असते!

गाठ खोलवर किंवा छातीपर्यंत असेल तर सी.टी. स्कॅन अथवा एम.आर.आय. लागतो. सी.टी.त किरणांचा मारा असतो, एम.आर.आय.मध्ये तो नसतो, पण लहान मुलाला निश्चल ठेवण्यासाठी बऱ्याचदा गुंगीचे औषध द्यावे लागते.

तरीही चित्र म्हणजे निदान नव्हे. क्षयाची गाठही कॅन्सरसारखी गोल दिसू शकते. संशय असेल तर गाठीचा तुकडा तपासणे, म्हणजेच बायॉप्सी, हाच खरा निवाडा. ‘गाठीला हात लावला की कॅन्सर पसरतो’ या गैरसमजापायी पालक महिनोन्‌महिने घालवतात. तसे करू नका. निदानापूर्वी स्टेरॉईडही देऊ नये. गाठ तात्पुरती बसते आणि खरा आजार झाकला जातो.

गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, कठीण किंवा न हलणारी असेल, हासळीच्या हाडावर असेल, चार आठवड्यांत कमी होत नसेल, अथवा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे अशी लक्षणे असतील, तर त्वरित डॉक्टरांना दाखवा. हॉजकिन लिम्फोमासारखा कॅन्सर निघाला तरी वेळेवर उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुले बरी होतात.