वापरलेली मोटार : आधी कागद, मग लोखंड

मध्यमवर्गीय घरात पहिली मोटार पुष्कळदा जुनीच येते. नव्या गाडीची किंमत पगाराला पेलत नाही, मुले मोठी होत असतात, आणि दुचाकीवर चौघांनी बसण्याचे दिवस सरलेले असतात. मग ओळखीपाळखीतून, वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींतून किंवा मोबाईलवरून शोध सुरू होतो. मध्ये दलाल नको, थेट मालकाकडूनच घेऊ, म्हणजे चार पैसे वाचतील, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. तो चुकीचा नाही. मात्र दलालाबरोबरच तक्रार घेऊन जाण्याचे ठिकाणही जाते आणि तपासणीचा सारा भार खरेदीदाराच्या शिरावर येतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

हा भार उचलताना बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतात, बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारून पाहतात (यातून काय कळते, हे एक कोडेच आहे) आणि इंजिनाचा आवाज गोड लागला की बयाणा देऊन मोकळे होतात. वस्तुतः इंजिनातील दोषाला किंमत असते. ती मोजली की दोष दूर होतो. कागदपत्रांतील दोषाचे तसे नाही. तेथे चूक झाली तर गाडीही जाते आणि पैसाही. म्हणून गाडी पाहण्यापूर्वी तिचे कागद वाचावेत, आणि कागदांबरोबर ते दाखविणारा माणूसही.

नोंदणीपत्रावरील नाव

आर. सी. बुकावरील नाव आणि समोर बसलेल्या गृहस्थाच्या ओळखपत्रावरील नाव एकच आहे काय, हा पहिला प्रश्न. ते एक नसेल तर कारणे तयार असतात. गाडी मेव्हण्याची आहे, तो दुबईला असतो; गाडी मित्राची आहे, सह्या करून ठेवल्या आहेत; नावावर करण्याचे राहून गेले, पण कागद सगळे आहेत. यांतील एखादे कारण खरेही असू शकते. परंतु जो स्वतः मालक नाही तो मालकी देऊ शकत नाही, ही साधी गोष्ट कोणत्याही कारणाने बदलत नाही. मेव्हण्याशी बोलणे झाल्याशिवाय आणि पैसे त्याच्याच खात्यात जातील हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काही वेळा हा 'मेव्हणा' मुळात नसतोच. गाड्यांची खरेदी-विक्री हाच ज्याचा धंदा आहे असा माणूस घरगुती विक्रेत्याचे सोंग घेऊन बसलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेणे नियमाने आवश्यक झाले आहे. ते टाळणारा मनुष्य अर्थातच आपण व्यापारी असल्याचे सांगत नाही. जाहिरातीतील क्रमांकावर फोन करून नुसते 'आपल्या गाडीविषयी बोलायचे आहे' असे म्हणावे. समोरून 'कोणती गाडी?' असा प्रश्न आला की उलगडा होतो.

सही केलेल्या कोऱ्या फॉर्मांचा प्रकार याहून गंभीर आहे. मालकी हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. मूळ मालकाने ते सही करून दिले की गाडी हातोहाती तीन-चार जणांकडे फिरते आणि आर. टी. ओ.च्या दप्तरी नाव मात्र पहिल्याचेच राहते. अशाच एका प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २००७ साली विकलेली गाडी नावे न बदलता पुढे पुढे विकली गेली. २००९ साली तिच्या हातून अपघात घडला, त्यात एकाचा मृत्यू झाला. नुकसानभरपाईचे दायित्व कोणाचे? न्यायालयाने सांगितले की, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. दोन वर्षांपूर्वी गाडी देऊन निर्धास्त झालेल्या गृहस्थावरच ते दायित्व आले. हा निकाल विकणाऱ्याने जितका लक्षात ठेवायचा तितकाच घेणाऱ्यानेही. कारण आज घेणारा उद्या विकणारा होतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने त्याच राज्यातील हस्तांतर १४ दिवसांत कळवावयाचे असते, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत. 'नावावर करण्याची घाई काय आहे?' असे विक्रेता म्हणू लागला तर घाई आहे, असेच समजावे.

नजरगहाणाची नोंद

आता आपल्या बँकिंगच्या प्रांतात येऊ. कर्जाऊ घेतलेल्या गाडीवर बँकेचे नजरगहाण, म्हणजेच हायपोथिकेशन, नोंदविलेले असते आणि कलम ५१ नुसार ती नोंद असताना वित्तपुरवठादाराच्या लेखी संमतीवाचून मालकी बदलता येत नाही. ही नोंद आर. सी.वर दिसते, तशीच परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीत आणि 'एम-परिवहन' ॲपवरही दिसू शकते. विक्रेत्याने दाखविलेला कागद आणि प्रणालीतील नोंद यांत फरक असेल तर प्रणालीवर विश्वास ठेवावा.

'कर्ज फिटले आहे, फक्त बँकेचा कागद यायचा आहे,' हे वाक्य फार वेळा ऐकू येते. ते पुष्कळदा प्रामाणिकही असते. हप्ते संपल्यावर ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आर. टी. ओ.तून नोंद उतरवून घ्यायची असते, हे कर्जदाराला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून आळस होतो. मध्यंतरी बँकांचे विलीनीकरणही झाले. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, साहजिकच आर. सी.वर जुने नाव असले तरी प्रमाणपत्र आता नव्या बँकेकडूनच मिळवावे लागते. यात काही काळेबेरे नाही. पण 'यायचा आहे' या दोन शब्दांवर पूर्ण रक्कम देणे शहाणपणाचे नव्हे. कागद आल्यावर पैसे, हा क्रम राखावा. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असल्यास तीही पाहावी.

कर्ज शिल्लक असल्याचे विक्रेत्याने स्वतःहून सांगितले तर घाबरण्याचे कारण नाही. उलट तो उजेडात व्यवहार करीत आहे. अशा वेळी दोघांनी मिळून त्याच्या बँकेच्या शाखेत जावे, कर्ज बंद करण्यासाठी लागणाऱ्या रकमेचे लेखी विवरण घ्यावे आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरावी. उरलेली रक्कम प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्यावर विक्रेत्याला द्यावी. 'माझ्या खात्यात टाका, मी भरतो' याला नम्रपणे नकार द्यावा. पुढे त्याने भरलेच नाही, तर थकबाकीपोटी बँक गाडी ताब्यात घेऊ शकते आणि तेव्हा गाडी नव्या मालकाच्या दारात उभी असते.

गाडी कर्ज काढून घेणार असल्याचे ऐकताच ज्याचा चेहरा उतरतो, जो 'रोखच पाहिजे, दहा हजार कमी करतो' असे म्हणतो, त्याच्याविषयीही विचार करावा. बँक कर्ज देताना कागद तपासते, हे त्यालाही माहीत असते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. चेक किंवा एन. ई. एफ. टी.ने दिलेल्या पैशाचा माग राहतो. रोखीचा राहत नाही, आणि तोच काहींना हवा असतो.

विम्याचा कागद काय सांगतो

विम्याची पॉलिसी हा बहुतेकांनी न वाचता घडी घालून ठेवायचा कागद. तिच्यातील 'नो क्लेम बोनस'चा रकाना मात्र अवश्य वाचावा. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर ही सवलत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जाते. सहा वर्षांच्या गाडीवर 'कधी ओरखडासुद्धा नाही' असे विक्रेता सांगतो आणि रकान्यात शून्य असते, तेव्हा एक तर विमा मध्ये खंडित झाला होता किंवा आदल्या वर्षी दावा झाला होता. कशाचा, हे विचारावे. ही सवलत गाडीची नसून व्यक्तीची असते, त्यामुळे ती नव्या मालकाला मिळत नाही. पॉलिसी आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, हेही विसरू नये.

परराज्यातील गाडी

आपले कित्येक वाचक आणि कर्मचारी बदलीच्या निमित्ताने इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली असे फिरत असतात. त्यांना परराज्यातील गाडी स्वस्त मिळण्याचा मोह वारंवार होतो. दिल्ली परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयी २०१५ पासून निरनिराळे आदेश निघत आले. तेथील जुन्या गाड्या बाहेर स्वस्तात विकल्या जाण्यामागे हे एक मोठे कारण आहे. अशी गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर मूळ आर. टी. ओ.चे फॉर्म २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र, नवा क्रमांक आणि नव्या राज्याचा कर हे सारे आले. जुन्या राज्याकडून कराचा परतावा मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या सहकार्यावाचून अवघड. हा सगळा खर्च मांडून पाहिला की स्वस्त गाडी कधी कधी स्वस्त उरत नाही.

आता लोखंड

कागद स्वच्छ निघाले की गाडीकडे वळावे. ती दिवसाउजेडी, कोरड्या अंगाने आणि विक्रेत्याच्या घरी पाहावी. ओल्या पत्र्यावर रंगातील फरक दिसत नाही. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर आपल्या येण्याआधी इंजिन चालवून ठेवले आहे. थंड इंजिन सुरू होताना जे दोष बोलतात ते आता गप्प बसतील. पुन्हा सकाळी येतो, असे सांगावे. धूर निळसर असेल तर ऑईल जळत आहे. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे आणि तो खर्च मोठा असतो.

चॅसिस क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे कधीही नसतात. तो पत्र्यावर स्वतः वाचून आर. सी.शी ताडावा. त्याच्याभोवती वेल्डिंगचा सांधा, घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग असेल तर किंमत विचारण्याचीही गरज नाही. पूर्ण मोडलेल्या गाडीची ओळख चोरीच्या गाडीवर चढविण्याची युक्ती याच जागी केली जाते.

किलोमीटरचा आकडा हा गाडीवरील सर्वांत कमी विश्वासार्ह आकडा. डिजिटल मीटरही मागे घेता येतो. त्याऐवजी क्लचचे रबर, स्टिअरिंगची झिजून आलेली चकाकी आणि चालकाच्या सीटची दबलेली कड पाहावी. टायरच्या कडेवर निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगणारे चार आकडे असतात; ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. मीटर २२ हजार सांगतो, गाडी २०१८ ची आहे आणि चारही टायर २०२१ चे, तर पहिले टायर एवढ्या लवकर का झिजले? अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मालकाच्या संमतीने पाहता आल्या तर हा प्रश्न तेथेच मिटतो.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे सर्वांत अवघड. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी, चेन्नईत २०१५ साली, केरळात २०१८ साली आणि सांगली-कोल्हापुरात २०१९ साली असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या गावी विकल्या जातात. बाहेरून त्या चकचकीत असतात. सीटबेल्ट मात्र पूर्ण बाहेर ओढून पाहावा. पाण्याची रेघ तेथे राहते. गालिच्याखाली हात घालावा, सीटच्या रुळांवरील गंज पाहावा, डिकीतील स्टेपनी उचलून खालचा चिखल शोधावा. गाडीत सुगंधी द्रव्याचा वास फारच दरवळत असेल तर काचा बंद करून पाच मिनिटे बसावे. खालून कुबट वास वर येतो काय, ते कळते.

न पाहिलेल्या गाडीपोटी बयाणा देणे सर्वस्वी टाळावे. लष्करातील जवान असल्याचे भासवून, बदली झाल्यामुळे गाडी स्वस्तात विकतो आहे, ती छावणीतून बाहेर काढण्यासाठी आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्या भामट्यांनी अनेकांना फसविले आहे. गणवेशाचा फोटो आणि ओळखपत्राची प्रत हा पुरावा नव्हे. 'पैसे परत मिळण्यासाठी हा क्यू.आर. कोड स्कॅन करा' असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. तो कोड पैसे देण्यासाठी स्कॅन करायचा असतो, घेण्यासाठी नव्हे.

व्यवहार पक्का झाल्यावर, गाडी ताब्यात घेताना थकीत ई-चलाने भरलेली आहेत याची खात्री करावी आणि दोघांच्या सहीचा एक साधा कागद करावा. त्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्याच दिवशी सकाळी तोडलेला सिग्नल कोणाचा, हा वाद त्या वेळेवरच मिटतो. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून त्याला परत द्यावा आणि आपल्या नावाचा नवा लावून मगच पहिला टोलनाका ओलांडावा.