अडलेल्या मातेला रांग कशाची?

बाळंतपण हा स्त्रीचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील डोंगरपाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यास शंभरांहून अधिक किलोमीटरांची मजल मारावी लागते. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचा आधार मिळाला, हे खरे. परंतु रुग्णालयाच्या दारात जी वाट पाहावी लागते, तिचे काय? प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव दोन तासांतही प्राण घेऊ शकतो. केसपेपर, रक्त आणि भूलतज्ज्ञ यांच्या प्रतीक्षेत गेलेली प्रत्येक घटका मातेच्या आयुष्यातून वजा होते.

याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्यप्रकल्प उभारला. तेथे अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर खेडूत स्त्रिया गरोदरपणातील धोक्याची चिन्हे ओळखण्यास शिकल्या. जे त्यांना साधले, ते सुसज्ज रुग्णालयांच्या दारात साधू नये काय?

आमचे मागणे थोडके आहे. अडलेल्या बाईस जाणत्या परिचारिकेने दारातच तपासावे. उपचार आधी व्हावेत, कागद मागाहून. शस्त्रक्रियेची सोय नसेल, तर पुढील रुग्णालयास कळवून तिला तत्काळ रवाना करावे. स्त्रीचा पुनर्जन्म बाहेरच्या बाकावर खोळंबून राहता कामा नये.