कारखान्याची खरेदी : एक दुर्लक्षित शास्त्र

व्यापारउदीमाचा विचार करतांना विक्रीकडे जितकें लक्ष दिलें जातें तितकें खरेदीकडे दिलें जात नाहीं. विक्री वाढली कीं मालकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसतें. पण विकावयाचा माल तयार करण्यासाठीं कोणती वस्तु, किती, केव्हां आणि कोणत्या दरानें घेतली गेली, ह्याचा हिशेब बहुधा कारकुनाच्या वहींतच पडून राहतो. वास्तविक ह्या उपेक्षेची किंमत साध्या अंकगणितानेंहि काढतां येते. समजा, एखादा कारखाना वर्षाकाठीं १ कोटि रुपयांचा माल विकतो. त्यापैकीं ६० लाख रुपये कच्चा माल व इतर साहित्य ह्यांवर खर्च होतात, आणि सर्व खर्च वजा जातां ५ लाख रुपये नफा उरतो. खरेदींत शेंकडा ५ बचत झाली तर नफा एकदम ३ लाखांनीं वाढेल. तेवढाच नफा विक्री वाढवून मिळवावयाचा म्हटल्यास, नफ्याचें प्रमाण तेंच राहिलें तर, आणखी ६० लाख रुपयांचा माल खपवावा लागेल.

मात्र बचत म्हणजे केवळ कमी दर नव्हे. ओतीव लोखंडाचे दोन नग पुढें ठेवले असतां त्यांतील एक स्वस्त दिसतो. पण कातून पाहिल्यावर त्यांत पोकळ्या निघाल्या तर कारागिराची मजुरी, यंत्राचा वेळ आणि विजेचा खर्च हीं सर्व वायां जातात. म्हणून मालाची खरी किंमत म्हणजे बिलावरील आकडा अधिक वाहतूक, अधिक सांठवणीचा खर्च, अधिक नाकारलेल्या मालाचें नुकसान, अधिक माल वेळेवर न आल्यामुळें थांबलेल्या यंत्राचा तोटा. दरपत्रकांची तुलना ह्या एकूण किंमतीवरून झाली पाहिजे.

दुसरा प्रश्न, एका वेळीं किती माल घ्यावा, हा. पुष्कळ माल एकदम घेतला तर पैसा कोठारांत अडकतो, जागा व्यापते, माल गंजतो किंवा जुना होतो. थोडाथोडा घेतला तर दर वेळीं दरपत्रकें, आदेश, वाहतूक आणि तपासणी ह्यांचा खर्च पुन्हां पुन्हां पडतो. ह्या दोन खर्चांचा मेळ घालणारें सूत्र अमेरिकेंतील फोर्ड व्हिटमन हॅरिस ह्यानें १९१३ सालीं प्रसिद्ध केलें. वार्षिक गरज आणि एका आदेशाचा खर्च ह्यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला एक नग वर्षभर सांठवण्याच्या खर्चानें भागावें आणि आलेल्या संख्येचें वर्गमूळ काढावें. तीच योग्य खरेदीची संख्या होय. उदाहरणार्थ, वर्षाला १,००० नग लागतात, एका आदेशाला २०० रुपये पडतात आणि एक नग वर्षभर ठेवण्यास १० रुपये लागतात, असें धरूं. सूत्रानें २०० ही संख्या येते. म्हणजे वर्षांत पांच वेळां खरेदी. आदेशांचा खर्च १,००० रुपये व सांठवणीचा १,००० रुपये, मिळून २,००० रुपये होतात. सारा माल एकाच वेळीं घेतल्यास हाच खर्च ५,२०० रुपयांवर जातो, आणि पन्नास-पन्नास नग वीस वेळां घेतल्यास ४,२५० रुपये होतो.

अर्थात् प्रत्येक खिळ्यासाठीं असें गणित मांडीत बसणें हेंहि शहाणपणाचें नाहीं. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील एच्. फोर्ड डिकी ह्यानें १९५१ सालीं सांठ्याचें अ, ब, क असें वर्गीकरण सुचविलें. कोठारांतील थोड्याच वस्तूंवर बहुतेक पैसा खर्च होतो. त्या 'अ' वर्गांतील. त्यांचे दर, सांठा आणि तारखा ह्यांवर बारीक नजर ठेवावी. नट, बोल्ट, वायसर अशा 'क' वर्गांतील वस्तूंसाठीं दोन पेट्या पुरतात : एक रिकामी झाली कीं नवीन मागणी करावयाची, आणि ती येईपर्यंत दुसरींतील माल वापरावयाचा.

कागदांच्या मार्गांतहि सुव्यवस्था हवी. खात्याचें मागणीपत्र, दरपत्रकांची तुलना, खरेदीचा आदेश, माल आल्याची नोंद आणि शेवटीं बिल, असा हा क्रम आहे. आदेश, आवक आणि बिल हे तीन कागद एकमेकांशीं जुळल्यावांचून पैसे देऊं नयेत. तसेंच आदेश देणारा, माल मोजून घेणारा आणि पैसे चुकते करणारा हे तीन निराळे असावेत. एकाच हातीं तीन किल्ल्या असल्या म्हणजे प्रामाणिक माणसावरहि विनाकारण संशय येतो. परंतु दहा रुपयांच्या वस्तूसाठीं पांच सह्या लागत असतील तर त्या सह्यांचाच खर्च वस्तूहून अधिक होतो. म्हणून ठराविक रकमेखालील खरेदीचा अधिकार खात्याच्या प्रमुखास द्यावा.

सांठा कमी करण्याच्या कलेंत जपानच्या टोयोटा कंपनीनें मोठें नांव मिळविलें. ताइइची ओहनो ह्यांच्या पद्धतींत जेवढा माल वापरला गेला तेवढाच चिठ्ठी पाठवून मागविला जातो. परंतु १ फेब्रुवारी १९९७ रोजीं कारिया येथील ऐसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधील एक लहानशी झडप जवळजवळ सर्वस्वीं तेथेंच होत असे. शिल्लक सांठा अत्यल्प असल्यामुळें टोयोटाचे बहुतेक कारखाने बंद पडले. तेव्हां इतर अनेक पुरवठादार, त्यांत शिवणयंत्रांबद्दल प्रसिद्ध असलेली ब्रदर कंपनीहि होती, मोबदल्याची घासाघीस न करतां झडपा करूं लागले, आणि कांहीं दिवसांतच काम पुन्हां सुरू झालें. ह्यांतून दोन बोध निघतात. अत्यावश्यक वस्तूसाठीं एकाच दारावर अवलंबून राहणें धोक्याचें; आणि वर्षानुवर्षें जपलेला पुरवठादारांचा स्नेह हाहि एक प्रकारचा सांठाच होय.

हा स्नेह सर्वांत आधीं तुटतो तो थकलेल्या बिलांवरून. भोसरी-पिंपरीच्या परिसरांत मोठ्या कारखान्यांसाठीं सुटे भाग करणाऱ्या अनेक लहान कार्यशाळा आहेत. अशा कार्यशाळेचें बिल चार-चार महिने थकलें कीं मालकास व्याजानें पैसे काढून कामगारांचा पगार भागवावा लागतो, आणि तें व्याज पुढील दरपत्रकांत चढतें, नाहीं तर मालाच्या दर्जांतून वजा होतें. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानें सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे जास्तींत जास्त ४५ दिवसांत देण्याचें बंधन घातलें आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज देय ठरतें. तेव्हां पैसे उशिरां देऊन वांचविलेली रक्कम ही बचत नव्हेच. तें दुसऱ्याच्या घरून न विचारतां काढलेलें कर्ज होय.

सारांश, खरेदीची सुधारणा ही केवळ भाव पाडण्याची विद्या नाहीं. गरज नीट ओळखणें, एकूण किंमत पाहणें, योग्य प्रमाणांत व योग्य वेळीं माल घेणें, कागद स्वच्छ ठेवणें आणि देणें वेळेवर फेडणें, हीं तिचीं अंगें आहेत. ज्या कारखान्यांत हीं सांभाळलीं जातात तेथें कोठारांत पैसा कुजत नाहीं, यंत्रें मालाची वाट पाहत थांबत नाहींत, आणि माल देणारा पुढल्या वेळींहि आपण होऊन दारीं येतो.