रात्री आवाज कमी केला की गाण्यातला डग्गा कुठे जातो? अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी हे समजून घ्या

नाशिक आणि आवाज म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो नाशिक ढोल. गल्लीच्या तोंडाशी वाजला तरी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या थरथरतात. आपला आजचा विषय मात्र बरोबर उलटा आहे. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून माणूस घरी येतो, पोरं झोपलेली असतात आणि त्याला अर्धा तास भीमसेन जोशी ऐकायचे असतात. हळू आवाजात. स्पीकर चांगले आहेत, तरी गाणं पातळ आणि निर्जीव लागतं. थोडा आवाज वाढवला की आतून हाक येते. मग शेवटी इयरफोन.

अशा वेळी बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: अ‍ॅम्प्लिफायर कमी पॉवरचा आहे, जास्त वॅटचा घेऊ. आणि इथंच पैसे वाया जातात.

साधा हिशोब बघा. घरगुती स्पीकरच्या माहितीपत्रकावर ८७ डेसिबलच्या आसपासचा एक आकडा असतो. त्याचा अर्थ, १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज येतो. तुम्ही अडीच मीटरवर सोफ्यावर बसलात तर तिथं साधारण ८० डेसिबल पोचतात. हा चांगला मोठा आवाज झाला. रात्री तुम्हाला हवे असतात ६० डेसिबल, म्हणजे दोन माणसं गप्पा मारतात तेवढा आवाज. डेसिबलमध्ये २० कमी म्हणजे पॉवर शंभर पटीनं कमी. थोडक्यात, तुमचं रात्रीचं गाणं एका वॅटच्या शंभराव्या भागावर चालतं. मधेच एखादी जोरकस तान आली तरी एक वॅट पुरतो. ५० ऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर मिळतात फक्त ३ डेसिबल जास्त, तेही नॉब पूर्ण फिरवल्यावर. (खोक्यावर हजारांत ‘पीएमपीओ’ वॅट छापलेले असतील तर तो आकडा वाचायचाच नाही. बघायचा तो आरएमएस.)

मग गाणं पातळ का होतं?

दोष आपल्या कानांचा आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज जसा कमी होतो, तसे आपले कान खालचे सूर जास्त वेगानं गमावतात. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे आकडे घेऊ. १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर वाजत असेल, तर १०० हर्ट्झचा सूर तेवढाच मोठा वाटायला सुमारे १२ डेसिबल जास्त लागतात. तोच सूर ४० डेसिबलवर आणला की हा फरक जवळजवळ २४ डेसिबल होतो. म्हणजे नॉब खाली आणला की गायकाचा आवाज राहतो, पण डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज आधी गायब होतात.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते याचसाठी. आवाज कमी असताना ते बास, आणि थोडा ट्रेबलही, वाढवतं. पुढे ‘शुद्ध’ आवाजाच्या नादात अनेक कंपन्यांनी ते काढून टाकलं. रात्री ऐकणाऱ्यासाठी हे वाईट झालं, असं माझं मत. अजूनही ते मिळतं. यामाहाच्या ए-एस ५०१सारख्या मॉडेलवर लाउडनेसचा वेगळा फिरता नॉब आहे: आधी आवाज तुमच्या कमाल पातळीवर ठेवायचा आणि मग लाउडनेसच्या नॉबनं कमी करत यायचं. डेनॉन आणि मरांट्झच्या बऱ्याच एव्ही रिसीव्हरमध्ये ऑडिसीचं ‘डायनॅमिक ईक्यू’ हेच काम आपोआप करतं. यातलं काहीच नसेल तर निदान बास-ट्रेबलचे नॉब तरी हवेतच.

आता गोम अशी की भिंतीतून पलीकडे जातो तो बासच. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून वाढवलेला डग्गा शेजारच्यांच्या उशाशी धपधप करतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा आहे ४५ डेसिबल, आणि खासगी साउंड सिस्टीमचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. स्पीकर सामायिक भिंतीपासून लांब आणि जाड रबरावर ठेवा. आणि खुर्ची पुढे घ्या. अडीच मीटरवरून सव्वा मीटरवर आलात तर ६ डेसिबलपर्यंत फायदा होतो, तोही फुकट.

दुकानात काय तपासायचं?

हळू आवाजात खरी परीक्षा असते ती व्हॉल्यूमच्या नॉबची. साध्या नॉबमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूसाठी दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि अगदी खालच्या टोकाला त्या सारख्या चालत नाहीत. एक बाजू आधी बंद पडते. हे पकडायला द. वि. पलुसकरांचं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावा. त्यांचा जन्म नाशिकचाच. १९५५ मध्ये ते गेले, स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात येण्याआधी, त्यामुळे त्यांचं मूळ ध्वनिमुद्रण मोनो आहे. (नंतर कृत्रिम स्टीरिओ केलेलं नको.) आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. नॉब हळूहळू शून्याकडे न्या. पलुसकर एका बाजूला सरकले तर तो अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या कामाचा नाही. ज्यात आवाज इलेक्ट्रॉनिक पायऱ्यांनी बदलतो, त्यात सहसा ही अडचण येत नाही.

नॉब थोडासा हलवला की आवाज एकदम वाढतो का, हेही बघा. सीडी प्लेयर किंवा डॅक साधारण २ व्होल्ट देतो, आणि बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरना पूर्ण जोरात वाजायला त्याच्या दहाव्या भागाइतकेही पुरतात. मग कमी आवाजासाठी नॉबची जेमतेम बोटभर जागा उरते. उपाय सोपा: फोनमध्ये किंवा डॅकमध्येच आवाज थोडा खाली ठेवायचा.

शेवटी गाणं थांबवा, नॉब नेहमीच्या जागी ठेवा आणि स्पीकरला कान लावा. बारीक ‘स्स्स’ चालेल, पण ते खुर्चीपर्यंत येत असेल तर नको. स्वस्त क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर इथं बरेचदा मार खातात, चांगले मात्र अगदी शांत असतात. क्लास ए हळू आवाजात सुंदर वाजतो, पण नुसता चालू असतानाही भरपूर तापतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना बंद खोलीत तो कुणाला हवाय?

आणि ही तपासणी रविवारी संध्याकाळी एमजी रोडवरच्या गर्दीत करू नका. बाहेरच्या हॉर्नमध्ये ‘स्स्स’ ऐकू येणार नाही. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुकान उघडताच जा, स्वतःचे स्पीकर नेता आले तर न्या, आणि पंखा बंद करायला सांगा.