उतरता न येणाऱ्या पृथ्व्यांची नोंदवही

‘एलिट डेंजरस’ या खेळात आपली अख्खी आकाशगंगा आहे. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने डिसेंबर २०१४मध्ये तो बाजारात आणला. त्यात सुमारे ४० हजार कोटी तारकाप्रणाली आहेत, असं कंपनी सांगते. त्यांतल्या दीड लाखाच्या आसपास खऱ्या तारासूचींमधून उचललेल्या आहेत. बाकीच्या सगळ्या ‘स्टेलर फोर्ज’ नावाची गणिती यंत्रणा घडवते. खेळाडू यान घेऊन या पसाऱ्यात शिरतात. कुणी व्यापार करतं, कुणी लढाया, आणि एक चिवट जमात नुसती हिंडत राहते. या भटक्यांचं लाडकं सावज म्हणजे पृथ्वीसदृश ग्रह: माणसाला श्वास घेता येईल अशी हवा, वाहतं पाणी, स्वतःची जीवसृष्टी. अशा ग्रहांच्या याद्या हे लोक खेळाच्या आरंभीच्या काळापासून ठेवत आले आहेत. गंमत अशी, की या ग्रहांवर उतरताच येत नाही. मे २०२१च्या ‘ओडिसी’ विस्ताराने विरळ हवेच्या ग्रहांवर पाय ठेवण्याची सोय केली, पण दाट वातावरणाच्या पृथ्व्यांचं दार बंदच राहिलं. वरून निळाहिरवा गोळा पाहायचा, आकडे टिपायचे आणि पुढे निघायचं. हे ग्रह कुठेही अस्तित्वात नाहीत हे उघडच आहे. तरीही त्यांचं सर्वेक्षण खरं आहे, असं माझं म्हणणं आहे. कोणत्याही सूचीत आकाश किती असतं आणि सूचीकाराच्या सवयी किती असतात, हे समजून घ्यायला इतकं सोयीचं उदाहरण सहसा मिळत नाही.

यावरचा पहिला आक्षेप रोखठोक आहे. खेळ कंपनीचा, ग्रह कंपनीचे. मग यादी कंपनीकडेच मागावी, दहा वर्षं वणवण कशाला? याचं उत्तर यंत्रणेच्या घडणीत सापडतं. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४मध्ये पहिला ‘एलिट’ लिहिला, तेव्हा बीबीसी मायक्रो या संगणकाची स्मृती होती ३२ किलोबाइट. तेवढ्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह साठवणं अशक्य होतं. म्हणून त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत; एका बीज-आकड्यापासून ते दर वेळी नव्याने हिशेबून काढले. बीज तेच, म्हणून ग्रहही तोच. स्टेलर फोर्ज ही त्याच युक्तीची पणती. आकाशगंगेच्या एखाद्या तुकड्यात किती द्रव्य आहे, तिथे जड मूलद्रव्यं किती, प्रणालीचं वय किती, यावरून ती तारे आणि ग्रह जुळवते, आणि मग तापमान, हवा, पाणी ठरतं. पृथ्वीसदृश ग्रह तिथे कुणी चित्रकाराने रंगवून ठेवलेला नसतो; तो हिशेबाच्या शेवटी बाहेर पडतो. कंपनीने मनात आणलं तर संगणकाला सगळा हिशेब करायला लावता येईल, हे खरं. पण नियम लिहिणं वेगळं आणि त्या नियमांतून काय निपजलं ते पाहणं वेगळं. जानेवारी २०२०मध्ये कंपनीनेच सांगितलं होतं, की पाच वर्षांत खेळाडूंनी या आकाशगंगेचा जेमतेम ०.०४२ टक्के भाग पाहिला आहे. बाकीच्या भागात काय आहे, हे नियम लिहिणाऱ्यांनीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

नोंद होते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. नव्या प्रणालीत शिरल्यावर खेळाडू एक कळ दाबून धरतो आणि यान भोंग्यासारखा आवाज काढतं. खेळाडूंच्या बोलीत हा ‘हॉंक’. त्याने प्रणालीत किती गोल आहेत ते कळतं. मग डिसेंबर २०१८मध्ये आलेला वर्णपट-शोधक उघडायचा. जुन्या रेडिओचा काटा फिरवावा तशी त्यात वारंवारिता जुळवावी लागते. प्रत्येक जातीच्या ग्रहाची खूण पट्ट्यावर ठरावीक जागी उमटते, आणि मुरलेले शोधक पट्टा पाहताक्षणी सांगतात, इथे पृथ्वी आहे की नाही. ग्रह तपासला, की संगणकातल्या रोजनिशीच्या फाइलीत त्याची एक ओळ पडते. त्या ओळीत जात ‘अर्थलाइक बॉडी’ अशी, त्रिज्या मीटरमध्ये, दाब पास्कलमध्ये, वर्षाची लांबी चक्क सेकंदांत. हवेत नायट्रोजन किती, ऑक्सिजन किती, तेही टक्केवारीसकट. ही ओळ एक छोटा प्रोग्राम उचलतो आणि खेळाडूंनीच उभारलेल्या सामायिक जाळ्यात सोडतो. तिथून ती ‘ईडीएसएम’सारख्या खुल्या भांडारांत जाते. रोजनिशीची सोय होण्याआधी हेच आकडे पडद्यावरून हाताने उतरवावे लागत. खेळात मान मिळतो तो ‘प्रथम शोधक’ म्हणून ग्रहावर लागलेल्या नावाचा. पण त्यासाठी माहिती परत नेऊन विकावी लागते; त्याआधीच यान फुटलं, तर खेळाच्या लेखी शोध लागलाच नाही. महिनोन्‌महिने दूर राहिलेले शोधक परतीच्या वाटेवर इतके जपून का उडतात, ते यावरून कळावं.

या सूचीकारांची मला सगळ्यांत मोलाची वाटणारी कामगिरी मात्र ग्रहांची नाही, पत्त्यांची आहे. खेळातल्या बहुतेक प्रणालींची नावं विचित्र असतात: दोन निरर्थक शब्द, मग काही अक्षरं, एक छोटं अक्षर आणि आकडे. खेळाडूंनी ढीगभर नावं आणि स्थानं समोर ठेवून त्यांची फोड केली. पहिले दोन शब्द म्हणजे १,२८० प्रकाशवर्षं बाजूचा एक घन. त्या घनाचे लहान लहान घन पाडलेले, आणि ‘ए’पासून ‘एच’पर्यंतचं छोटं अक्षर त्या घनाचा आकार सांगतं. ‘ए’ म्हणजे दहा प्रकाशवर्षांचा घन, पुढे प्रत्येक अक्षराला दुप्पट. जितका घन मोठा, तितकी त्यातली प्रणाली वजनदार. म्हणजे नाव वाचूनच ताऱ्याच्या वस्तुमानाचा अंदाज येतो. मग पृथ्वी शोधणारा साहजिकच मधल्या अक्षरांकडे वळतो, कारण सूर्यासारखे किंवा त्याहून थोडे तापट तारे तिथे भेटतात. निरीक्षणांतून नियम काढायचा आणि त्या नियमाने पुढची निरीक्षणं निवडायची, याला विज्ञानाची रीत म्हणायला हरकत नसावी.

पण इथेच सूचीला तडाही जातो. आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे बारीक लाल बटू आहेत. पृथ्वीच्या शोधात निघालेला माणूस त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. लोक ठरलेल्या वाटांनी जातात: सूर्यापासून आकाशगंगेच्या केंद्राकडे, कोलोनिया या दूरच्या वसाहतीकडे, बीगल पॉइंट या पलीकडच्या टोकाकडे. २०१९च्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स २’ मोहिमेत दहा हजारांहून अधिक खेळाडूंनी नाव नोंदवलं होतं. त्यांच्या वाटेवरच्या पट्ट्यात नोंदी दाट असणारच. शिवाय पुष्कळजण पृथ्वी दिसली तर तपासतात, नाही तर पुढची उडी मारतात. अशा यादीवरून पृथ्व्या किती सापडल्या ते कळतं. किती ताऱ्यांमागे एक सापडते ते कळत नाही, कारण भागाकारातला छेदच कुणी लिहिलेला नसतो. ‘पृथ्व्या बहुतेक एफ आणि जी वर्गाच्या, म्हणजे सूर्यासारख्या किंवा त्याहून थोड्या तापट, ताऱ्यांभोवतीच असतात’ हे विधान यंत्रणेविषयी आहे की खेळाडूंच्या आवडीविषयी, हे निव्वळ यादी पाहून सांगता येणार नाही.

खऱ्या खगोलशास्त्रालाही हे दुखणं आहेच. नासाच्या केप्लर दुर्बिणीने हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या भागात दीड लाखाच्या आसपास तारे चार वर्षं एकटक पाहिले. ग्रह ताऱ्यासमोरून गेला तरच तिला दिसणार, आणि सूर्याभोवतीच्या पृथ्वीसारख्या कक्षेत तशी जुळणी असण्याची शक्यता अर्धा टक्का. म्हणजे दिसलेल्या प्रत्येक पृथ्वीमागे सुमारे दोनशे न दिसलेल्या धरायच्या. त्यातही जो ग्रह दिसायला हवा होता, तो संगणकाच्या चाळणीतून निसटला तर? ते मोजायला केप्लरच्या शास्त्रज्ञांनी काय केलं, तर खऱ्या निरीक्षणांत मुद्दाम खोटे ग्रह मिसळले आणि चाळणी त्यांतले किती पकडते ते पाहिलं. खऱ्या ग्रहांची मोजणी खोट्या ग्रहांनी पारखून घेतली. हे ठाऊक असलेला माणूस ‘खोट्या ग्रहांचं काय करायचं?’ असं सहज विचारणार नाही.

चाहते मात्र दुसऱ्या टोकाला जातात. फेब्रुवारी २०१७मध्ये ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह असल्याचं जाहीर झालं. खेळात पाहिलं, तर तिथेच आसपास एक अंधुक बटू आणि त्याला सात खडकाळ ग्रह आधीपासून होते. यंत्रणेने भाकीत केलं, असा गाजावाजा झाला. खेळातली ती प्रणाली नंतर ट्रॅपिस्ट-१शी जुळवून घेण्यात आली, त्यामुळे पडताळ्याची संधीही संपली. एक जुळणी म्हणजे पुरावा नव्हे. चुकलेल्या जागा किती, हे सांगितल्याशिवाय बरोबर आलेल्या एका जागेला किंमत नाही. ज्योतिषालाही आपण हेच सुनावतो. बटू ताऱ्याभोवती छोटे खडकाळ ग्रह दाटीने असू शकतात एवढं यंत्रणेच्या गणितात बसत होतं, इतकंच श्रेय रास्त.

उरतो व्याख्येचा आक्षेप. खेळ ग्रहावर ‘पृथ्वीसदृश’ असा एकच शिक्का मारतो, हो किंवा नाही. निसर्गात असा शिक्का नसतो. शुक्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१ टक्के, त्रिज्या ९५ टक्के. केवळ या दोन रकान्यांच्या सूचीत तो पृथ्वीचा जुळा भाऊ ठरेल, आणि पृष्ठभाग आहे ४६० अंशांवर तापलेला. हा आक्षेप बरोबर आहे. पण सूची शिक्क्यावर थांबत नाही. शिक्क्यामागचे सगळे रकाने तिच्यात असल्यामुळे कुणालाही आपली कडक चाळणी लावता येते: गुरुत्व एवढंच हवं, दिवस चोवीस तासांच्या आसपास हवा, सोबत मोठा चंद्र हवा. पृथ्वीची खरी नक्कल हवी असणाऱ्यांच्या हाती मग फार थोडे ग्रह उरतात. शिक्का समजेच्या आधी मारला, तरी नोंदी वाया जात नाहीत. हार्वर्डमध्ये खगोलशास्त्रज्ञ ॲनी जंप कॅननने हेन्री ड्रेपर सूचीसाठी सव्वादोन लाख ताऱ्यांना ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही अक्षरं लावली, तेव्हा ताऱ्यांची ऊर्जा कुठून येते हेही माहीत नव्हतं. ती अक्षरं या खेळातही जशीच्या तशी आहेत. समज पुढे गेली, नोंदी टिकल्या, कारण त्या निवडक ताऱ्यांपुरत्या नव्हत्या. ठरलेल्या तेजापर्यंतचे तारे सरसकट घेतले होते.

तेव्हा या सूचीत भर घालू पाहणाऱ्याला एकच सांगणं. पृथ्वी सापडली नाही, म्हणून लगेच पुढची उडी मारू नका. तारा लाल बटू असला तरी ती प्रणाली पूर्ण तपासा आणि ‘इथे काही नाही’ ही नोंदही भांडारात जाऊ द्या. पृथ्व्यांच्या नोंदी लोक हौसेने पाठवतातच. छेदातला आकडा या रिकाम्या प्रणालींतूनच येणार आहे.