फिनॉल : दुखत नाही, म्हणूनच धोका

रासायनिक कारखान्यातली रात्रपाळी. पंपाच्या जोडातून गळणारा द्रव एका कामगाराच्या मांडीवर उडतो. पँट भिजते, क्षणभर चुरचुरते आणि मग थांबते. कातडी पांढरी पडलेली असते, पण दुखत काहीच नाही. ओल्या फडक्याने जागा पुसून तो पुन्हा कामाला लागतो. काही मिनिटांनी त्याला गरगरू लागते, घाम फुटतो आणि तो कोसळतो. हा प्रसंग कुणा एकाचा नाही. फिनॉलचे अपघात बहुतेक वेळा याच क्रमाने घडतात. इतर आम्ल अंगावर पडले की माणूस ओरडतो, पाण्याकडे धावतो. फिनॉल मात्र आधी जागा बधिर करते आणि मग नुकसान करते. वेदना हा शरीराचा पहारेकरी. फिनॉल त्यालाच आधी झोपवते.

जुने औषध, नवा कच्चा माल

फिनॉलचे जुने नाव कार्बोलिक ॲसिड. १८३४ मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कोळशाच्या डांबरातून वेगळे केले. त्याला कीर्ती मिळवून दिली ती शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रुग्णालयात गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा मुलगा आला. हाड मोडून जखम उघडी पडली होती. त्या काळी अशा जखमा चिघळत आणि पाय कापण्याची वेळ येई. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे युग तिथून सुरू झाले.

पण जंतू मारणारे हे रसायन माणसाच्या पेशींनाही सोडत नव्हते. शल्यविशारदांचे आणि परिचारिकांचे हात सोलवटू लागले. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा जंतुनाशकांमुळे इतकी बिघडली, की हॉल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. आज प्रत्येक डॉक्टरच्या हातात दिसणाऱ्या मोज्यांची एक सुरुवात अशी आहे.

आता रुग्णालयात फिनॉलचा वापर फारच मर्यादित आहे: नख मांसात रुतल्यावरची छोटी शस्त्रक्रिया, मूळव्याधीवरचे एक इंजेक्शन, काही लशींमध्ये टिकाऊपणासाठी अत्यल्प प्रमाण. उद्योगात मात्र त्याला प्रचंड मागणी आहे. प्लायवूडचे डिंक, बेकेलाइटची बटणे आणि कुकरच्या मुठी, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक, ॲस्पिरिनसारखी औषधे या सगळ्यांच्या मुळाशी फिनॉल आहे. भारतात ते कोची आणि गुजरातमधील दहेज येथे तयार होते आणि टँकरमधून ठिकठिकाणच्या रासायनिक वसाहतींत पोहोचते.

तीन गुणधर्म, तीन धोके

शुद्ध फिनॉलचे पांढरे स्फटिक असतात. हवेने, उजेडाने ते गुलाबी होतात. साधारण ४१ अंश सेल्सियसला ते वितळते. म्हणून कारखान्यात ते बहुधा गरम, पातळ स्वरूपातच नळ्यांतून फिरते. गळती झाली तर अंगावर पडणारा द्रव गरमही असतो आणि विषारीही.

दुसरा गुणधर्म म्हणजे ते पाण्यात थोडे आणि चरबीत सहज मिसळते. त्वचेचा वरचा थर पाण्याला अडवतो, फिनॉलला नाही. ते प्रथिने गोठवते, म्हणून त्वचा पांढरी पडते. पुढे ती तपकिरी, काळपट होते. तोवर फिनॉल रक्तात उतरलेले असते. हृदयाची लय बिघडते, रक्तदाब कोसळतो, आकडी येते, शुद्ध हरपते. यकृत आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते आणि लघवी गडद हिरवट-काळी होते. केवळ हात किंवा मांडी भिजूनही प्राण गेल्याच्या नोंदी आहेत. ‘एवढासाच तर डाग आहे’ हा हिशेब इथे चालत नाही.

तिसरा धोका बधिरपणाचा. तो वर आलाच आहे.

वास मात्र मदतीला येतो. फिनॉलचा गोडसर, औषधी वास हवेत अगदी अल्प प्रमाण असतानाही येतो. आठ तासांच्या पाळीत हवेतील फिनॉलचे सरासरी प्रमाण दहा लाख भागांत ५ भागांपेक्षा अधिक नसावे; वास त्याच्या कितीतरी आधी जाणवतो. पण नाक लवकर सरावते. ‘आता वास येत नाही’ म्हणजे हवा स्वच्छ झाली असे नव्हे.

अंगावर सांडले तर

पहिली काही मिनिटे सर्वांत मोलाची. भिजलेले कपडे, बूट, पट्टा, घड्याळ तत्काळ काढावे. संकोचापोटी कपडे अंगावर ठेवणे जिवावर बेतू शकते. लगेच सेफ्टी शॉवरखाली उभे राहून पाण्याचा जोरदार मारा घ्यावा, किमान १५ मिनिटे. इथे ‘भरपूर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ओले फडके फिरवले किंवा मगभर पाणी ओतले तर फिनॉल पातळ होऊन अधिक जागेवर पसरते आणि शोषण वाढू शकते. त्वचा चोळू नये. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नये.

फिनॉल हाताळणाऱ्या कारखान्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी ३०० किंवा ४००, प्रथमोपचाराच्या कपाटात असायला हवे. फिनॉल त्यात चांगले विरघळते. कापसाचे बोळे त्यात भिजवून, दर वेळी नवा बोळा घेऊन जागा पुसत राहावी. मात्र ते शोधण्यात वेळ घालवू नये. हाती येईपर्यंत पाणी चालूच ठेवावे. डोळ्यांत गेले असेल तर फक्त पाणी वापरावे, पीईजी नाही. मदत करणाऱ्यानेही मोजे घालावेत आणि काढलेले कपडे पिशवीत बंद करावेत.

त्यानंतर दुखत असो वा नसो, रुग्णालय गाठावे. १०८ला फोन करताना ‘भाजले आहे’ एवढेच न सांगता ‘फिनॉल अंगावर पडले आहे’ असे सांगावे. फिनॉलवर खास उतारा नाही. हृदयाचा आलेख, श्वास आणि लघवीवर लक्ष ठेवून उपचार करावे लागतात. रुग्ण बरा दिसला तरी त्याला देखरेखीखाली ठेवावे लागते.

अपघात टाळण्यासाठी साधे पातळ मोजे पुरत नाहीत. ब्युटाइल रबर किंवा निओप्रीनचे हवेत. चामड्याच्या बुटांत फिनॉल मुरले तर ते धुऊन वापरू नयेत, टाकून द्यावेत. जोड उघडण्याआधी नळी रिकामी झाल्याची खात्री करणे, चेहऱ्यावर शील्ड, एकट्याने काम न करणे हे नियम पाळीच्या घाईत सुटतात आणि अपघात तिथेच होतो. रस्त्यावर उलटलेल्या टँकरवर २३१२ हा क्रमांक दिसला तर त्यात वितळलेले फिनॉल आहे. जवळ न जाता ११२वर कळवावे.

घरातली बाटली

घरातले काळे फिनेल याच कुळातले. त्यात डांबरापासून मिळणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा पाइन तेल असते. लेबलवर ‘आरडब्ल्यूसी’ असा आकडा दिसतो. जंतू मारण्याची ताकद फिनॉलच्या तुलनेत किती, हे तो सांगतो. म्हणजे आजही जंतुनाशकाची मोजपट्टी फिनॉलच आहे.

फिनेल शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. लहान मुले ते पितात ती बहुधा अशाच चुकीने. प्यायल्यास उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. वर येताना ते घसा पुन्हा जाळते आणि फुप्फुसात जाऊ शकते. बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावे. फिनेल ब्लीचिंग पावडर किंवा अन्य द्रव्यांत मिसळू नये. बाळाचा पाळणा, दुपटी, खेळणी यांसाठी तर ते वापरूच नये. १९७०च्या दशकात अमेरिकेतील नवजात कक्षांत फिनॉलयुक्त जंतुनाशकाच्या अतिवापराचा संबंध बाळांमधील वाढलेल्या काविळीशी आढळला होता. जखम धुण्यासाठीही फिनेल नको. लिस्टर यांच्यानंतर आपल्याकडे त्याहून कितीतरी सुरक्षित औषधे आली आहेत.

एरवी दुखणे थांबले की आपण निर्धास्त होतो. फिनॉलच्या बाबतीत नेमके उलटे वागायला हवे: चुरचुर थांबली, की पाण्याकडे धावायचे.