मलम सारखंच, मग पोर पळतं का?

इसब असलेल्या मुलांसाठी लोशन, क्रीम, जेल की ऑइंटमेंट? इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी फॅमिली डॉक्टरांमार्फत ५५० मुलांवर हे ताडून पाहिलं. निष्कर्ष २०२२ मध्ये आले: १६ आठवड्यांत परिणामात फरक नाही, ऑइंटमेंट झोंबतं मात्र कमी.

आकडे इथे थांबले. याच प्रयोगात काही पालकांच्या आणि मुलांच्या मुलाखतीही झाल्या. हे गुणात्मक संशोधकाचं काम, आणि दिसतं त्याहून किचकट. ‘रोज लावता ना?’ असं विचारलं की कुणीही ‘हो’च म्हणणार. ‘काल अंघोळीनंतर काय काय झालं?’ असं विचारलं, की चिकचिकीला कंटाळून पळणारं पोर, तेलकट झालेली चादर, डबीच्या तळाशी अडकलेलं मलम, सगळं बाहेर येतं. मग ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायचं, ओळीओळीला खुणा करायच्या, समान धागे शोधायचे. न जुळणारी मुलाखत बाजूला टाकायची नाही. बऱ्याचदा तीच कामाची.

कमी माणसांशी बोलतात म्हणून याला ‘गप्पा’ म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. या मुलाखतींतून दिसलं, की दाटपणा एकाला भावतो तर दुसऱ्याला नकोसा होतो. म्हणूनच संशोधकांचा सल्ला: डॉक्टरांनी चारही प्रकार समजावून सांगावेत, निवड घरच्यांनी करावी.